खडकीतलं एक वेगळं हॉस्टेल

हॉस्टेल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मेसची पातळ आमटी, सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्या रूम्स आणि पाणी गेलं की बादल्या घेऊन होणारी पळापळ! पण आपल्याच पुणे जिल्ह्यात, खडकीला, राहण्याचं एक असं ठिकाण आहे जिथे सरावाला आलेल्या कुणाला एक पाय नाही, तर कुणाला दोन्ही. तिथल्या एका जवानाने २०२४ साली पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ब्राँझ पदक मिळवलं. बारामतीहून स्वारगेटची एस.टी. पकडली तर अर्ध्या दिवसात खडकीला पोचता येतं. (गेटच्या आत सोडतील की नाही ती गोष्ट वेगळी, लष्करी हद्द आहे.)

ठिकाणाचं नाव आर्मी पॅरालिम्पिक नोड. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या सेंटरमध्ये ते २०१७ साली सुरू झालं. सुरुंगात, चकमकीत किंवा अपघातात अपंग झालेले जवान तिथे राहून खेळाचा सराव करतात. नागालँडचे होकाटो होतोझे सेमा हे त्यातलेच. २००२ साली जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. गोळाफेक त्यांनी सुरू केली २०१६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी! म्हणजे ज्या वयात आपले सीनिअर "आता गुडघे दुखतात रे" म्हणून क्रिकेट सोडतात, त्या वयात. पॅरिसला त्यांनी १४.६५ मीटर फेक केली. त्याच स्पर्धेत खडकीचेच सोमन राणा १४.०७ मीटरवर पाचवे आले.

हे केंद्र पुण्यातच का? मला वाटतं, त्याचं उत्तर इतिहासात आहे. खडकीला युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, तिची स्थापना १९१७ ची. लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात १९४४ पासून आहे. कमरेखाली लुळे झालेल्या जवानांसाठी खडकीलाच १९७४ साली पुनर्वसन केंद्र निघालं. आणि धडधाकट खेळाडूंसाठीची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट २००१ साली पुण्यात सुरू झाली. डॉक्टर, जयपूर फूटवाले, कोच, सगळे एका शहरात. जखमी जवान तसाही पुण्याला येतच होता, त्याला मैदान तेवढं द्यायचं राहिलं होतं.

यातलं फारसं काही हाताशी नसताना एका मराठी माणसाने काय केलं तेही सांगायला हवं. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग निकामी झाला. ते पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण जिंकले. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं पदक. पद्मश्री मिळाली २०१८ ला. मधली शेहेचाळीस वर्षं आपण काय करत होतो कोण जाणे!

आता थोडं आपल्या विषयाकडे, म्हणजे मेकॅनिक्सकडे. घाबरू नका, इक्वेशन देत नाही.

सेमा ज्या गटात खेळतात तो एफ-५७. 'एफ' म्हणजे फील्ड, आणि आकडा म्हणजे अपंगत्वाचा प्रकार. या गटात पुरुष ४ किलोचा गोळा बसून फेकतात. उभ्याने गोळा फेकणाऱ्याचा जोर मुळात पायांतून निघतो, मग कंबर, खांदा, हात. इथे पायांचा हिशोबच नाही. सगळा जोर धडातून आणि खांद्यातून. १४.६५ मीटरसाठी हातातून सुटताना गोळ्याचा वेग सेकंदाला साधारण सव्वाअकरा मीटर हवा (मी प्रोजेक्टाइलच्या फॉर्म्युल्याने काढला, तुम्हीही काढून बघा). अंतर साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून वेग दहा टक्के वाढला तर अंतर जवळजवळ वीस टक्के वाढतं.

खेळाडू ज्यावर बसतो तिला थ्रोइंग फ्रेम म्हणतात. लोखंडी स्टूलच, पण जमिनीला पट्ट्यांनी आवळून बांधलेलं. एका बाजूला उभा दांडा असतो, तो मोकळ्या हाताने धरून खेळाडू स्वतःला पुढे खेचतो. या दांड्याने स्प्रिंगसारखं काम केलेलं नियमात चालत नाही, तो ताठच हवा. आणि फ्रेम सैल असली तर खेळाडूचा जोर गोळ्याला मिळायच्या ऐवजी फ्रेम हलवण्यात जातो. न्यूटनचा तिसरा नियम बारावीला पाठ केला होता, तो इथे खरा दिसतो. फेकताना बूड उचललं की फाऊल.

त्यामुळे फ्रेम ही त्या एका माणसाच्या मापाचीच लागते. बैठक थोडी वाकडी झाली, पट्टा एक भोक सैल राहिला की फेक बदलते. वेल्डर, कोच आणि खेळाडू रोज एकाच आवारात असले तरच हे जमतं. आठवड्यातून दोनदा बस बदलून येणाऱ्याला जमत नाही.

दुसरं कारण शरीराचं. पाय कापलेल्या जागेचा आकार दिवसभरात कमी-जास्त होतो, सॉकेट घासतं. एक फोड आला की चार दिवस गेले. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांना फार वेळ एकाच जागी बसून जखम झालेली कळतही नाही, आणि ती भरायला आठवडेच्या आठवडे लागतात. मणक्याची इजा वरच्या भागात असेल तर घामही नीट येत नाही, मग आपल्याकडच्या मे महिन्यातली दुपार म्हणजे गंमत नव्हे. अशा खेळाडूला मैदानापेक्षा आधी लागतं ते बाथरूम, जिथे व्हीलचेअर आत जाते आणि दारात पायरी नाही.

निवासी सराव आपल्या भागाला नवीन नाही. बारामती-इंदापूरकडच्या कितीतरी गावांत तालीम आहे. पोरं तिथेच झोपतात, पहाटे जोर-बैठका मारतात, वस्तादांच्या धाकात राहतात, दूध-तूप, थंडाई पितात. रूममेटच्या गावी गेलो तेव्हा तालीम पहिल्यांदा पाहिली. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पी.टी. म्हणजे पांढरे बूट घालून मार्चपास्ट!) तालमीतही तेच आहे: झोप, जेवण, सराव, मालीश एकाच छपराखाली. पण दोन्ही हात, दोन्ही पाय शाबूत असणाऱ्यांसाठीच.

आणि आपल्याकडे हात जातात हो. कडबाकुट्टीत जातात, मळणी यंत्रात जातात. त्या रूममेटचाच एक नातेवाईक आहे, डावा हात कोपराखाली कडबाकुट्टीत गेलेला. उजव्या हाताने ऊसाची मोळी अशी उचलून टाकतो की बघत राहावं. पॅरालिम्पिकमध्ये एफ-४६ नावाचा गट असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. यात उभ्याने ६ किलोचा गोळा फेकतात. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी याच गटातले. शाळेत असताना सायकलवरून पडून त्यांचा डावा हात अधू झाला. ते मेकॅनिकल इंजिनिअर आहेत (मेकवाल्यांनो, कॉलर ताठ करा). पॅरिसला त्यांनी १६.३२ मीटरवर रौप्य मिळवलं. सुवर्ण १६.३८ ला गेलं, ब्राँझ १६.२७ ला. तिघं मिळून अकरा सेंटिमीटरमध्ये!

खडकी जवानांसाठी आहे, शेतकऱ्याच्या पोराला तिथे जागा नाही. मग तालुक्याचं क्रीडा संकुल, गावाचं मैदान आणि आपल्यासारखी कॉलेजं एवढंच उरतं. दोन पायऱ्या म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर उंची, एकास बारा उताराने ३.६ मीटरचा रॅम्प. सिव्हिलच्या पोरांना एका दुपारचं काम आहे. हात गेलेल्याला फ्रेम लागत नाही, पण पाय गेलेला कुणी आला तर ती आपल्या वर्कशॉपमध्ये होऊ शकते: एम.एस. पाइप, एक ताठ दांडा, खाली पट्टे अडकवायला चार हुक. फर्स्ट इयरला आपण तिथे लॅप जॉइंट करून भंगारात टाकतो, त्यापेक्षा बरं. फक्त उंची मोजताना उशी धरून मोजा, ७५ सेंटिमीटरच्या वर गेली की स्पर्धेत चालत नाही.