टाकीत निघालेला हा जीव नेमका कोण?

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये न्यूकी नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या ब्लू रीफ अ‍ॅक्वेरियमच्या एका टाकीत 2009 साली प्रवाळांची नासाडी होऊ लागली, मासेही जखमी होऊ लागले. सापळे लावून काही साधलं नाही. अखेर कर्मचाऱ्यांनी टाकीतले खडक एकेक करून बाहेर काढले, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा बॉबिट वर्म हा समुद्री किडा हाती लागला. त्यांनी त्याचं नाव बॅरी ठेवलं आणि त्याची बातमी जगभर गेली.

घरी खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्यांच्या मनात तो बॅरी अजून ठाण मांडून आहे. रात्री दिवे मालवल्यावर खडकाच्या फटीतून गुलाबी-करडा किडा बाहेर आला, की ‘बॉबिट निघाला!’ म्हणून आरडाओरडा होतो आणि सकाळपर्यंत त्याचा जीव घेतलेला असतो. बहुतेक वेळा मारला जातो तो ब्रिसल वर्म, म्हणजे टाकीतला फुकटचा सफाई कामगार.

दोघांतला फरक टॉर्चच्या उजेडातही कळतो. ब्रिसल वर्मच्या अंगाच्या दोन्ही कडांना, प्रत्येक वळ्यावर, पांढऱ्या बारीक केसांचे झुबके असतात. काचेजवळ आला की ते कापसाच्या पुंजक्यांसारखे उठून दिसतात. बॉबिटच्या कुळातल्या किड्याला असे झुबके नसतात. त्याच्या अंगावर इंद्रधनुषी झाक असते, डोक्यावर पाच शुंडिका असतात आणि जबडे दणकट असतात. मात्र पाच शुंडिका दिसल्या म्हणजे तो बॅरीच, असंही समजू नका. युनिस या एकाच वंशात कितीतरी जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच लहानच राहतात. जपानमध्ये एका तराफ्याच्या तरंगकात सापडलेला बॉबिट 299 सेंटीमीटर लांब होता, पण तो अपवाद होता. अशा अपवादांवरून आपल्या टाकीतल्या बोटभर किड्याची भीती घालून घेऊ नये.

ब्रिसल वर्मवर दुसरा आळ येतो तो खुनाचा. मासा दिसेनासा होतो, दोन दिवसांनी खडकामागे त्याच्या सांगाड्यावर किड्यांचा गराडा दिसतो आणि गुन्हेगार सापडला असं वाटतं. खरं तर मासा आधीच मेलेला किंवा मरणपंथाला लागलेला असतो आणि किडे त्याचं मांस संपवत असतात. ते नसते, तर तेच मांस पाण्यात कुजून अमोनिया वाढला असता आणि उरलेले मासेही गेले असते. म्हणून मासा गेला की आधी पाणी तपासा: खारटपणा, तापमान, अमोनिया. किड्यांची संख्या वाढलेली दिसली, तर खाद्य जास्त पडतंय एवढाच त्याचा अर्थ. खाद्य कमी केलं की महिन्या-दोन महिन्यांत त्यांचीही संख्या उतरते. औषध टाकून सगळे एकदम मारले, तर तेच टाकीत कुजतात. काही जातींच्या किड्यांचे तुकडे झाले, तर त्या तुकड्यांतून नवे किडे तयार होतात, त्यामुळे कात्री चालवण्यातही शहाणपण नाही. हातमोजे मात्र घालाच. ते केस त्वचेत रुतले की आग होते. अशा वेळी चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढली की बरेचसे केस निघून येतात.

हे जीव मुळात टाकीत येतात कुठून? बहुतेक वेळा लाइव्ह रॉकमधून, म्हणजे प्रवाळखडकाच्या सच्छिद्र दगडातून. त्या छिद्रांत किडे, त्यांची अंडी, शेवाळ, गोगलगाई, खेकड्याची पिल्लं असं सगळं लपून बसलेलं असतं. त्यामुळे ‘दुकानदाराने फसवलं’ हा आरोप सहसा खरा नसतो. पण आपल्याकडे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कठीण प्रवाळ 2001 पासून परिशिष्ट 1 मध्ये आहेत. वाघाइतकंच संरक्षण त्यांना आहे. समुद्रातून उचललेला, प्रवाळ चिकटलेला दगड विकत घेणं हा शौक नाही, गुन्हा आहे. सिरॅमिकचा किंवा कोरडा कृत्रिम दगड घेतला, तर कायदाही पाळला जातो आणि आगंतुकही कमी येतात.

रात्री टाकीतून ‘टक्’ असा आवाज आला, की मँटिस श्रिंप घुसला असं ठामपणे सांगितलं जातं. पण तो आवाज पिस्तुल श्रिंपचाही असू शकतो. याची एक नांगी दुसरीपेक्षा फुगलेली असते, ती मिटताना पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि आवाज होतो. माशांना त्याचा सहसा त्रास नसतो. काही जाती तर गोबी माशाबरोबर एकाच बिळात राहतात. मँटिसची खूण वेगळी. त्याचे डोळे देठांवर असतात आणि एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात, पुढचे पाय मुठीसारखे दुमडलेले असतात. त्याने ठाण मांडलं असेल, तर फुटलेल्या शंख-शिंपल्यांचा सडा दिसू लागतो. मोर मँटिसचा ठोसा सेकंदाला 20 मीटरहून जास्त वेगाने बसतो, त्यामुळे त्याच्या ताकदीची धास्ती रास्त आहे. पण दगडातून आलेला छोटा मँटिस लगेच काच फोडेल, असं नाही. तो ज्या दगडात शिरलाय तो दगडच बाहेर काढा आणि त्याला वेगळ्या टाकीत ठेवा. तसा तो पाळायला फार देखणा प्राणी आहे.

काचेवर उड्या मारणारे पांढरे ठिपके माशांच्या उवा नाहीत. ते कोपेपॉड आणि अँफिपॉड असतात. मँडरिन मासा त्यांच्यावरच जगतो. छोटे, पाच-सहा भुजांचे अ‍ॅस्टरिना तारामासेही बहुधा काचेवरचं शेवाळ आणि थर खात फिरतात.

एइप्टेशिया मात्र खरा शत्रू आहे. तपकिरी, पारदर्शक भुजांचं हे छोटं समुद्रफूल देखणं दिसतं, म्हणून सुरुवातीला कोणी हात लावत नाही आणि मग ते टाकीभर पसरतं. चिमट्याने उपटलं, तर तळाचा राहिलेला तुकडा पुन्हा वाढतो. घाईघाईने खरवडलं, तर एकाची दहा होतात. बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय फक्त तेच खाते. पेपरमिंट श्रिंपही खातो, पण दुकानात त्याच्या जागी दिसायला सारखा कॅमल श्रिंप दिला जातो आणि तो प्रवाळांना उपद्रव करू शकतो.

सगळ्यांत धोकादायक सल्ला म्हणजे ‘दगड उकळून घ्या, सगळं मरेल.’ दगडावर पॅलिथोआ किंवा झोअँथिड हे प्रवाळांचे नातलग असतील, तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जालीम विष असू शकतं. हवाईत 1971 मध्ये ते वेगळं काढण्यात आलं. उकळल्याने ते नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर घरभर पसरतं. ऑक्सफर्डशायरमधल्या स्टीव्हेंटन गावात 2018 मध्ये एका घरी टाकीतले प्रवाळ काढताना या विषाची बाधा झाली आणि लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. झोअँथिड मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही भरपूर आहेत. तिथून दगड उचलून आणणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

ओळख पटवण्यासाठी भारी उपकरणं लागत नाहीत. दिवे गेल्यानंतर तासाभराने लाल टॉर्चने बघा, कारण लाल उजेडाला बहुतेक जीव बुजत नाहीत. फोटो बाजूने आणि मोजपट्टीसह काढा. डोकं, पाय, कडेचे केस, यांपैकी काय दिसलं आणि तो काय खात होता, ते लिहून ठेवा. आपल्या किनाऱ्यावरचे जीव ओळखायला ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने 2017 पासून जमवलेले फोटो आणि नोंदी उपयोगी पडतात. प्रदीप पाताडे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक.

उपद्रवी निघालेला जीव जुहूच्या किंवा मार्व्याच्या पाण्यात सोडून देऊ नका. ‘समुद्राचा आहे, समुद्रात जाऊ दे’ ही भावना चांगली असली तरी धोकादायक आहे. 1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा एक पट्टा दिसला आणि पुढे ते भूमध्य समुद्राच्या मोठ्या भागात पसरलं. त्याचा उगम मत्स्यालयातलाच मानला जातो. संडासातही टाकू नका. स्वतंत्र टाकीत पाळायला तयार असलेला दुसरा कोणी शौकीन सापडला, तर त्याला द्या. नाहीच सापडला, तर पाण्यासकट डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा, पुरता गोठल्यावर कचऱ्यात टाका आणि ते पाणी कोणत्याही खाडीत किंवा नाल्यात ओतू नका.