घाटावरची जीप आणि तिचा क्लच

बुलढाणा जिल्ह्यात पत्ता विचारला की आधी प्रश्न येतो, "घाटावर की घाटाखाली?" बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा हा घाटावरचा मुलूख. मलकापूर, मोताळा, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग खालून, पूर्णेच्या खोऱ्यातून जातो. जिल्ह्याचं ठाणं असलेल्या बुलढाणा शहराला मात्र रेल्वे नाही. मलकापूरला गाडी पकडायची तर राजूर घाट उतरायचा, आणि परतताना तोच घाट चढायचा. एसटीच्या जोडीनं ही चढ-उतर वर्षानुवर्षं केली ती जीपनं. बीडीओची जीप, निवडणुकीची जीप, वऱ्हाडाची जीप आणि पुढे टपापर्यंत भरून धावणारी काळी-पिवळी. या सगळ्यांचा भार सर्वांत आधी ज्या भागावर येतो, तो म्हणजे क्लच.

आपल्याकडची जीप घडली मुंबईत. 1945 साली के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. 1947 पासून अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून इथे जोडणी सुरू झाली होती. पुढे आपल्या रस्त्यांवर रुळली ती सीजे-3बी. विलीजनं ही जीप 1953 मध्ये बाजारात आणली. तिचं सुमारे 2.2 लिटरचं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. या जातीची जीप लांबून ओळखू येते ती त्या उंच कपाळावरून. अमेरिकेत तिचं उत्पादन 1968 मध्ये थांबलं, आपल्याकडे तिचा वंश त्यानंतरही दशकानुदशकं चालला.

जीपची मूळ कल्पना युद्धातली. गाडी जिथे बंद पडेल तिथेच, हाताशी असलेल्या पान्यांनी उघडता आली पाहिजे, हा तिचा धर्म. म्हणूनच आज जुनी जीप हौसेनं सांभाळणाऱ्याला तिचा क्लच घरच्या अंगणात बदलता येतो. पेडलपासून क्लचपर्यंत दांड्या, तरफ आणि केबल. तेलाच्या दाबावर चालणारं काही नाही. बिघाड डोळ्यांना दिसतो.

क्लचची रचना साधी आहे. इंजिनाच्या मागे फिरणारं जड फ्लायव्हील, त्याला लागून क्लच प्लेट आणि प्लेटला मागून दाबून धरणारी स्प्रिंगची प्रेशर प्लेट. क्लच प्लेटच्या दोन्ही अंगांना घर्षणाचं लाइनिंग असतं आणि तिचा दातेरी हब गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकतो. पेडल दाबलं की फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकतं, दाब सुटतो आणि इंजिन गिअरबॉक्सपासून मोकळं होतं. झीज व्हावी म्हणूनच लाइनिंग ठेवलेलं असतं. ते झिजतं म्हणून गिअरचे दात वाचतात.

खाली सरपटण्याआधी निदान करावं. पेडल हातानं दाबून पाहायचं. बेअरिंग बोटांना टेकण्याआधी साधारण इंचभर मोकळी चाल हवी. ती नसेल तर बेअरिंग सतत घासतं आणि प्लेट अर्धवट सुटलेली राहते. कित्येकदा नुसती केबल जुळवून काम भागतं. चाल बरोबर असूनही चढावर इंजिन ओरडत असेल आणि गाडी पुढे सरत नसेल, तर क्लच घसरतोय. उलट पहिला किंवा रिव्हर्स टाकताना दात कुरकुरत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही. या जीपच्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे हा दोष तिथे लगेच ऐकू येतो.

प्लेट काढायची तर गिअरबॉक्स उतरवायचा. त्याच्या मागे फोर बाय फोरचा ट्रान्स्फर केस जोडलेला, आणि त्याच्याही मागच्या शाफ्टवर हँडब्रेकचा ड्रम. आधी बॅटरीची तार काढायची. चाकांना दगड लावायचे, कारण पुढे-मागे जाणारे प्रोपेलर शाफ्ट सोडले की हँडब्रेक ओढलेला असून नसल्यासारखा. गाडी नुसत्या जॅकवर कधीच ठेवायची नाही. मजबूत घोड्या किंवा लाकडाचे जाड ओंडके हवेत. मग आतला फ्लोअर प्लेटचा तुकडा, गिअरचे दांडे, केबल, क्रॉसमेंबर. इंजिनाला पुढून टेकू देऊन दोघांनी मिळून हा सगळा डोलारा जॅकवर मागे सरकवायचा. एकट्यानं छातीवर घ्यायचं हे काम नव्हे.

प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम सोडायचे नाहीत. समोरासमोरचा एकेक बोल्ट अर्धा-अर्धा फेरा ढिला करत जायचं, नाहीतर कव्हर वाकतं. आत साठलेली काळी भुकटी हवेच्या पाइपनं किंवा तोंडानं उडवायची नाही. जुन्या लाइनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. तोंडाला मास्क आणि हातात ओलं फडकं, हाच नियम.

आता जुनी प्लेट उजेडात धरायची, कारण खरी माहिती तिथे असते. लाइनिंग रिव्हेटपर्यंत सारखं झिजलं असेल, तर प्लेटनं आपलं आयुष्य पुरं केलं. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग दिसले, तर ती जळाली आहे: घाटात हाफ क्लचवर धरलेली गाडी, क्षमतेपेक्षा जास्त माणसं, किंवा पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेली चाकं क्लच घसरवत काढण्याची सवय. अशा चिखलात फोर बाय फोर आणि लो रेंज लावली तर चाकांना जवळपास अडीचपट जोर मिळतो आणि क्लच वाचतो. पण तो दांडा हलवायचा कित्येकांना कंटाळा. प्लेट तेलकट निघाली तर दोष क्लचचा नव्हेच. तेल इंजिनाच्या मागच्या सीलमधून आलं की गिअरबॉक्समधून, ते वासावर कळतं. गिअर ऑइलचा उग्र, गंधकासारखा दर्प लपत नाही. गळती न थांबवता घातलेली नवी प्लेट महिनाभरात पुन्हा घसरेल.

नवी प्लेट आणायला जुनी बरोबर न्यावी. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीपा गावोगाव आहेत, त्यामुळे नुसतं 'जीपची प्लेट द्या' म्हणून भागत नाही. मूळ क्लच साडेआठ इंचांचा. व्यास मोजायचा, हबचे दात मोजायचे, मगच पैसे द्यायचे. फ्लायव्हीलवर चरे किंवा भेगा असतील तर ते लेथवर न्यावं. शाफ्टचं टोक टेकणारं पायलट बुश ढिलं असेल तर तेही आताच बदलावं, आणि रिलीज बेअरिंगही. ते डिझेलमध्ये धुवायचं नाही, आतलं ग्रीस निघून जातं.

बसवताना कसोटी लागते ती मध्य साधण्याची. प्लेट केसभर बाजूला गेली तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरत नाही आणि माणसं तासभर धक्के देत बसतात. त्यावर मेकॅनिकांचा तोडगा म्हणजे भंगारातल्या गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट. तो हबमधून पायलट बुशात घालायचा, बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळायचे आणि शेवटी शाफ्ट ओढून काढायचा. तो सहज सुटून हातात आला तर मध्य बरोबर. मग गिअरबॉक्स जोरानं न ठोकता, टॉप गिअरमध्ये ठेवून मागचा शाफ्ट हलकेच फिरवत आत सरकवायचा. बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेणं म्हणजे नव्या प्लेटचा हब वाकवणं.

जोडणी झाली, पेडलची चाल जुळवली की काम संपलं असं वाटतं. पण वहीत तारीख आणि किलोमीटरच्या पुढे जुनी प्लेट का गेली, हेही एका ओळीत लिहून ठेवावं. प्लेट दुकानात मिळते. तेलगळती, ओव्हरलोड की पेडलवर ठेवलेला पाय, हे उत्तर मालकालाच शोधावं लागतं, आणि ते सापडलं तरच दुरुस्ती झाली म्हणायची.