भूगर्भातील जलशोधक जीवाणू

विहिरीचे पाणी नितळ दिसते, म्हणून ते निर्दोष असेलच असे नव्हे. यंत्रांच्या भागांवरील वंगण काढण्यासाठी आणि उंची कपडे पाण्याविना धुण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन व परक्लोरोएथिलीन ही द्रावके विसाव्या शतकात फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ती सांडली की जमिनीत मुरतात. पाण्याहून जड असल्यामुळे भूजलात खोल उतरतात आणि तेथून वर्षानुवर्षे थोडथोडी विरघळत राहतात. अमेरिकेत पिण्याच्या एक लिटर पाण्यात यांपैकी प्रत्येकाची कमाल मर्यादा अवघी ५ मायक्रोग्रॅम आहे. दूषित पाणी उपसून शुद्ध करावे, तर खालचा साठा नवे पाणीही नासवितो.

येथे जीवाणू मनुष्याच्या साहाय्यास येतात. मनुष्य श्वसनासाठी प्राणवायू घेतो. प्राणवायू नसलेल्या थरांतील काही जीवाणू त्याच्या जागी ही द्रावकेच वापरतात. द्रावकाच्या रेणूतील क्लोरीनचे अणू ते एकामागून एक काढतात. परक्लोरोएथिलीनमध्ये असे चार अणू असतात. चारही निघाले की उरते एथिलीन. पिकत्या फळांतून निघणारा वायू तो हाच.

परंतु खरी मेख शेवटच्या पायरीवर आहे. अनेक जीवाणू दोनच अणू काढून थांबतात. तिसरा निघून एकच उरला, तर व्हायनिल क्लोराइड तयार होते. ते निश्चितपणे कर्करोगकारक असून त्याची मर्यादा २ मायक्रोग्रॅम, म्हणजे मूळ द्रावकाहूनही कडक आहे. अर्धवट शुद्धी ही अशुद्धीहून घातक ठरू शकते, ती अशी.

एथिलीनपर्यंत पोहोचणारा जीवाणू कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी वेगळा केला आणि १९९७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. डिहॅलोकोकॉइडीस हे त्याचे नाव. त्याला हायड्रोजन लागतो. म्हणून भूगर्भात मळी किंवा वनस्पतितेल सोडतात. इतर जीवाणू ते आंबवितात व त्यांतून हायड्रोजन निघतो. जेथे हा जीवाणू मुळात नसतो, तेथे दुधाला विरजण लावावे तसा तो बाहेरून घालावा लागतो. टेक्सासमधील केली हवाईतळावरील प्रयोगाचा वृत्तांत २००२ साली प्रसिद्ध झाला. जेथे असे जीवाणू सोडले, तेथे २०० दिवसांत द्रावके ५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेली व एथिलीन आढळले; जेथे ते सोडले नाहीत, तेथे क्रिया मध्येच अडली.

म्हणून मूळ द्रावक नाहीसे झाले, एवढ्याने समाधान मानता येत नाही. व्हायनिल क्लोराइडही संपल्याची खात्री पटेपर्यंत पाण्याची तपासणी चालू ठेवणे, हेच या उपायातील खरे पथ्य होय.