प्रयोग मध्येंच थांबतो तेव्हां

अमेरिकेंतील शाळा-कॉलेजांत ‘चीअरलीडिंग’ नांवाचा सांघिक क्रीडाप्रकार फार लोकप्रिय आहे. १८९८ सालीं मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांत एका विद्यार्थ्यानें प्रेक्षकांकडून जयघोष करविला, तेथें त्याचा उगम मानतात. आज त्याच्या स्वतंत्र स्पर्धा भरतात. सुमारें अडीच मिनिटांच्या अवधींत संगीताच्या तालावर कोलांट्या उड्या मारणें, मानवी मनोरे रचणें आणि एखाद्या मुलीस उंच फेंकून अलगद झेलणें, असें या प्रयोगाचें स्वरूप असतें.

आतां मुलगी हवेंत असतांना संगीत एकाएकीं बंद पडलें, तर? खालचे भिडू ताल मोजूनच हात पुढें करीत असतात. ताल तुटला कीं एकाचा हात आधीं उठतो, दुसऱ्याचा मागाहून. अशा वेळीं गुण जातील या भीतीनें प्रयोग रेटून नेण्याचा मोह होतो. म्हणून नियमांनीं ती भीतीच दूर केली आहे. संघाचा दोष नसतां व्यत्यय आल्यास संघानें थांबावें. त्यास प्रयोग पुनः आरंभापासून करावयास मिळतो, मात्र परीक्षण खंड पडला त्या ठिकाणापासूनच होतें.

दुखापतीच्या बाबतींत अनेक स्पर्धांचे नियम अधिक कडक आहेत. प्रयोग थांबविण्याचा अधिकार अधिकारी व शिक्षक यांच्याप्रमाणेंच खुद्द जखमी खेळाडूसहि असतो. परंतु पुन्हां उतरण्याचा निर्णय त्याच्या एकट्याच्या हातीं ठेवलेला नाहीं. मेंदूस धक्का बसल्याचा संशय असेल, तर अशा दुखापतींचें शिक्षण घेतलेल्या वैद्यकाची अनुमति लागते.

ही सक्ति कशाला, असें कोणी विचारील. २००६ सालीं सेंट लुईस येथें बास्केटबॉल सामन्याच्या वेळीं एक विद्यार्थिनी मनोऱ्यावरून सुमारें पंधरा फूट खालीं पडली. तिच्या मानेच्या मणक्यास इजा झाली होती. तरीहि स्ट्रेचरवरून नेतांना वाद्यवृंदाचे सूर कानीं पडतांच ती हातवारे करूं लागली, आणि प्रेक्षकांनीं टाळ्यांचा कडकडाट केला! तिची निष्ठा थोर खरी. परंतु मान दुखावली असतां निश्चल राहणें हेंच हिताचें असतें. उत्साहाच्या भरांत खेळाडूस स्वतःची इजा कळत नाहीं आणि टाळ्यांना ती दिसत नाहीं.

मुलामुलींना मैदानावर धाडणाऱ्या वडीलमंडळींनीं यांतून एवढेंच घ्यावें. ‘कांहीं झालें तरी पुरें करून ये’ असें बजावण्यापेक्षां ‘दुखलें तर तेथेंच थांब, आम्ही रागावणार नाहीं’ असें सांगून मुलास घराबाहेर पाठवावें.