डोंगर, धुके आणि छायाचित्र

सांप्रत आपल्या कुटुंबांतून स्वित्झर्लंडसारख्या पर्वतमय देशाचा प्रवास पूर्वीइतका दुर्मिळ राहिलेला नाही. मुलगा परदेशी नोकरीस असला की वडील माणसांसही आल्प्सचे दर्शन घडते, आणि मोबाइलमध्येच कॅमेरा असल्याने छायाचित्रांस तोटा नसतो. तथापि शेकडो चित्रे काढून अखेरीस हाती काय लागते, हा प्रश्न आम्हांस पडला तो आल्प्समध्ये नव्हे, आमच्याच जिल्ह्यात.

आमची सोनई उसाच्या सपाट मुलखातली. याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेस, अकोले तालुक्यात, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण आणि रतनवाडीचे अमृतेश्वराचे देवालय आहे. काही वर्षांमागे श्रावणात आम्ही सहकुटुंब तेथे गेलो. नातवाने सुमारे दोनशे चित्रे काढली. घरी येऊन पाहतो तो शुभ्र धुके राखेसारखे करडे उमटलेले! कॅमेरा समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे गृहीत धरतो आणि शुभ्रता अधिक दिसताच प्रकाश आखडता घेतो. म्हणून धुके अथवा बर्फ समोर असता चित्राचा उजेड हाताने किंचित वाढवावा.

वेळेचाही विचार करावा. माध्यान्हीच्या उन्हात डोंगर सपाट दिसतो. सकाळ-सायंकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्या घळी आणि सोंडा उठून दिसतात. अमृतेश्वराचे कोरीव कामही तिरप्या प्रकाशातच बोलू लागते.

आल्प्समध्ये थंडीची भर पडते. युंगफ्राउयोख येथील १९१२ साली सुरू झालेले रेल्वे स्थानक ३४५४ मीटर उंचीवर आहे. अशा ठिकाणी बॅटरी लवकर उतरते, सबब ती अंगाशी, आतल्या खिशात ठेवावी. गारठ्यातून उबदार खोलीत येताच कॅमेऱ्यावर दव धरते. यास्तव तो पिशवीतच बंद ठेवून सावकाश उबू द्यावा.

कड्यावर तर विशेष सावध असावे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा असो वा परदेशातील एखादी दरी, पडद्याकडे पाहत एकही पाऊल टाकू नये, मागे तर मुळीच नाही. आधी थांबावे, मग चित्र घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. नुसत्या पर्वताच्या चित्रात त्याची उंची कळत नाही. पायथ्याशी माणूस उभा असला म्हणजे ती कळते. परंतु माणूस हवा तो एवढ्याचसाठी नव्हे. नातवाच्या त्या दोनशे चित्रांत आमच्या कुटुंबाचे चित्र एकच, तेही पाठमोरे. जलाशयाच्या काठी छत्री धरून ती उभी होती, आणि "आजी, जरा बाजूला हो, डोंगर झाकतो आहे," असे नातू म्हणाला, तेव्हा आम्हीही हसलो होतो. पुढील माघात ती निवर्तली. आता घरी डोंगराची चित्रे कोणी उघडत नाही. ते एक मात्र नातू वारंवार काढून पाहतो.

म्हणून प्रवासास निघणाऱ्यांस आमचे सांगणे इतकेच की, वडील माणसांस दृश्यातून बाजूस सारू नये. उजेडाकडे तोंड करवून त्यांस पुढे उभे करावे, आणि परतल्यावर निवडक वीस चित्रे कागदावर छापून घेऊन प्रत्येकाच्या मागे स्थळ, तिथी व माणसांची नावे लिहून ठेवावीत. डोंगर पुढील वर्षीही तेथेच असतो.