अमेरिकेंतील स्कंक व मधमाशांच्या पेट्यांचा बंदोबस्त

ज्या शेतकऱ्यानें घराजवळ मधमाशांच्या दोन-चार पेट्या ठेविल्या आहेत, दारांत कुत्रा बाळगला आहे व परसांत कोंबड्यांचें खुराडें आहे, त्यास रात्रीं हिंडणाऱ्या लहान जनावरांचा प्रश्न केव्हां ना केव्हां पडतोच. आपल्याकडे रात्रीं फिरणारें उदमांजर असा विचार करावयास लावितें. उत्तर अमेरिकेंत तें काम ‘स्कंक’ नामक प्राणी करितो. हा प्राणी भारतांत मुळींच आढळत नाहीं. तथापि त्याच्याशीं वागण्याची जी रीत तेथील मधपाळांनीं बसविली आहे, तींत आपणांस घेण्यासारखें पुष्कळ आहे. आमचे एक आप्त पेनसिल्व्हेनिया संस्थानांत शेतवाडीच्या भागांत घर करून आहेत. त्यांच्या पेट्यांस या प्राण्याचा उपद्रव झाला तेव्हां आमचा मुक्काम तेथेंच होता. सबब जें पाहिलें व विचारपूस करून जें समजलें, तें येथें क्रमानें देत आहों.

प्राण्याचें वर्णन

स्कंक सुमारें मांजराएवढा असून पायांनीं आखूड व चालींत मंद असतो. अंग काळेंभोर, डोक्यावरून निघून पाठीवर दुभागणारा पांढरा पट्टा व झुपकेदार शेपूट, यांवरून तो ओळखण्यास कठीण नाहीं. ही पट्टेरी जात दक्षिण कॅनडापासून उत्तर मेक्सिकोपर्यंत सर्वत्र आहे. पूर्वीं शास्त्रज्ञ त्यास पाणमांजराच्या कुळांत गणीत. आतां त्याचें कूळ स्वतंत्र मानतात. आपल्या उदमांजराशीं त्याचें जवळचें नातें नाहीं.

त्याचें हत्यार शेपटीच्या मुळाशीं असलेल्या दोन ग्रंथींत असतें. त्यांतून पिंवळसर तेलाची पिचकारी तो दहा फुटांपर्यंत नेम धरून मारतो. ही घाण गंधकयुक्त द्रव्यांची असते. घरगुती गॅसची गळती नाकास कळावी म्हणून त्यांत इथिल मरकॅप्टन नांवाचें द्रव्य मिसळतात. स्कंकची द्रव्यें त्याच वर्गांतील आहेत, एवढें सांगितलें म्हणजे वाचकांस कल्पना येईल. मात्र त्याचा सांठा पांच-सहा पिचकाऱ्यांपुरताच असतो व तो संपल्यावर पुन्हां भरण्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणून स्कंक तो उगीच खर्च करीत नाहीं. आधीं पुढचे पाय जमिनीवर आपटतो, फिस्कारतो, शेपूट उभारतो, आणि इतक्यानेंही समोरचा मागें सरला नाहीं तरच अंग वांकवून पाठ फिरवितो. माणूस तेथेंच थबकून हळूहळू मागें हटला तर बहुधा कांहींच घडत नाहीं. कुत्र्यास मात्र ही नोटीस वाचतां येत नाहीं.

पेट्यांस होणारा उपद्रव

स्कंकचा मुख्य आहार म्हणजे किडे, जमिनींतील अळ्या, उंदीर, अंडीं, पडलेलीं फळें. मधमाशी ही त्याच्या लेखीं त्याच आहारांतील एक वस्तु. तो रात्रीं पेटीपुढें येऊन दाराशीं नखांनीं खरडतो. पहारेकरी माशा बाहेर येतात. त्यांस तो पंजानें दाबून जमिनीवर घोळतो व खातो. आंतील रस घेऊन कवचाचा चोथा तेथेंच थुंकून टाकतो. डंखांची तो फारशी पर्वा करीत नाहीं. एकदां चटक लागली म्हणजे रोज रात्रीं येतो, आणि मादी असल्यास पिलांनाही घेऊन येते.

हें सर्व अंधारांत चालत असल्यामुळें मालकास पत्ता लागत नाहीं. आमच्या आप्तांच्या दोन पेट्या विटांच्या एका थरावर, म्हणजे जवळजवळ जमिनीवरच, ठेवलेल्या होत्या. सप्टेंबर महिन्यांत त्या माशा एकाएकीं तामसी झाल्या. ज्या पेट्यांजवळ मुलें खेळत असत तेथें मोठ्या माणसासही दिवसां जाणें कठीण झालें, आणि एका पेटींतील माशा उघड कमी दिसूं लागल्या. प्रथम रोगाचा संशय आला, नंतर राणीमाशी मेली असावी असें वाटलें. म्हणून दोन वेळां पेटी उघडून पाहिली, तों राणी जागच्या जागीं व अंडीं ताजीं. अखेरीस पेटीपुढील गवत खरडलेलें, दारफळीवर मातीचे ओरखडे व खालीं चोथ्याच्या लहान गोळ्या, हीं चिन्हें दृष्टीस पडलीं. त्या रात्रीं पेटीपुढें मैदा भुरभुरला. सकाळीं त्यांत पांच बोटांचीं व पुढच्या पायांस लांब नखें असलेलीं पाउलें उमटलीं होतीं. मांजराच्या पावलांत चारच बोटें उमटतात व नखें दिसत नाहींत. त्यामुळें शंकेस जागा उरली नाहीं.

ही हानि शरदऋतूंत विशेष बाधते. तेथील हिंवाळा बर्फाचा. त्या दिवसांत माशा एकमेकींस बिलगून गोळा करितात व अंगच्या उष्णतेनें राणीस जगवितात. गोळा लहान झाला तर मध शिल्लक असतांही मोहोळ थंडीनें मरतें. म्हणून रोज रात्रीं मूठभर माशा गेल्या तरी वसंतांत पेटी रिकामी सांपडण्याची भीति असते.

पेट्यांचा बंदोबस्त

तेथील मधपाळ जे उपाय करितात ते येणेंप्रमाणें :

१. उंची. पेटी जमिनीपासून निदान दीड फूट, म्हणजे आपला एक हात, उंच घोडीवर ठेवावी. पट्टेरी स्कंकला चढतां फारसें येत नाहीं. दारापर्यंत पोंचण्यास त्यास मागच्या पायांवर उभें राहावें लागतें. मग गळा व पोट उघडें पडतें, आणि तेथें बसलेले डंख त्यास सोसत नाहींत. हा उपाय सर्वांत स्वस्त व निर्धोक होय. उंची फार वाढवूं नये, कारण मधानें भरलेला वरचा मजला उतरवितांना मालकाचीच कंबर मोडते.

२. जाळी. पेटीपुढील जमिनीवर कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तशी तारेची जाळी अंथरून खुंट्यांनीं पक्की करावी. तीवर पाय अडकत असल्यामुळें स्कंकला उभें राहाणें नकोसें होतें.

३. खिळ्यांची फळी. खिळ्यांचीं टोकें वर करून फळी पेटीपुढें ठेवण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे. परंतु ज्या घरीं मुलें व कुत्रें आहे तेथें ती ठेवूं नये असें आमचें मत आहे.

४. कुंपण. पेट्या पुष्कळ असल्यास सभोंवार तीन फूट उंचीची जाळी लावून तिची खालची कड सहा इंच ते एक फूट जमिनींत पुरावी व बाहेरच्या बाजूस वळवावी, म्हणजे खणून आंत शिरतां येत नाहीं. जेथें अस्वलेंही येतात तेथें विजेच्या तारांचें कुंपण करावें लागतें.

आमच्या आप्तांनीं पहिले दोन उपाय केले. लांकडाच्या दोन घोड्या व जाळीचा एक तुकडा, एवढ्याच सामानांत काम झालें. आठ-दहा दिवसांत माशांचा तामसपणा ओसरला. अशक्त पेटीस साखरेचा पाक देऊन हिंवाळ्यापूर्वीं सांवरून घेतलें.

कुत्र्याविषयीं

कुत्र्याच्या अंगावर पिचकारी पडली तर टोमॅटोच्या रसानें न्हाऊं घालावें असा समज तेथें रूढ आहे. त्यानें वास झांकल्यासारखा वाटतो, जात नाहीं. खरा उपाय पॉल क्रेबॉम या रसायनशास्त्रज्ञानें १९९३ सालीं प्रसिद्ध केला. तो असा : शेंकडा ३ शक्तीचें हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारें एक लिटर, खाण्याचा सोडा पाव कप व पातळ साबण एक-दोन चमचे, हें उघड्या भांड्यांत मिसळून लागलीच कुत्र्याच्या कोरड्या अंगावर चोळावें, पांच मिनिटें ठेवावें व भरपूर पाण्यानें धुवावें. डोळ्यांत व तोंडांत जाऊं देऊं नये. हें मिश्रण बाटलींत भरून कदापि ठेवूं नये. त्यांतून प्राणवायु सुटत असल्यामुळें बाटली फुटते.

वासाहून भयंकर गोष्ट म्हणजे पिसाळण्याचा रोग, म्हणजेच रेबीज. अमेरिकेंत हा रोग रानांत टिकवून धरणाऱ्या प्राण्यांत वटवाघूळ, रॅकून व कोल्हा यांच्याबरोबर स्कंकही येतो. दिवसां झोकांड्या खात फिरणारा, माणसास न भिणारा वा उगीच अंगावर येणारा स्कंक पिसाळलेला समजून त्याच्या वाऱ्यासही उभें राहूं नये व अधिकाऱ्यांस कळवावें. त्यानें कुत्र्यास चावा घेतल्यास, पूर्वीं लस टोचलेली असली तरी, पशुवैद्याकडून ती पुन्हां टोचून घ्यावी लागते. माणसास चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून तत्काळ दवाखान्यांत जावें. रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. लस त्यापूर्वींच घेतली पाहिजे. पेनसिल्व्हेनियांत तीन महिन्यांवरील प्रत्येक कुत्र्यास व पाळीव मांजरास ही लस टोचणें कायद्यानें बंधनकारक आहे. अशा बंदोबस्ताचें फळ असें कीं, कुत्र्यांकडून कुत्र्यांस होणारा रेबीज संयुक्त संस्थानांतून नाहींसा झाल्याचें तेथील सरकारी आरोग्यखात्यानें २००७ सालीं जाहीर केलें.

घराखालीं बीळ केल्यास

तेथील लांकडी घरांच्या ओट्याखालीं पोकळी असते व स्कंक तींत बिऱ्हाड करितो. अशा वेळीं बिळाच्या तोंडांत वाळलीं पानें सैल भरून ठेवावीं. दोन-तीन रात्रीं तीं जशींच्या तशीं राहिलीं तर आंत कोणी नाहीं असें समजून मजबूत जाळीनें भोंक बुजवावें. आंत वस्ती असल्यास बाहेर ढकललें जाणारें पण आंत न उघडणारें झडपेचें दार बसवितात. मात्र मे ते जुलै हे पिलांचे दिवस. तेव्हां हें करूं नये. आई बाहेर व पिलें आंत राहिल्यास पिलें भुकेनें मरतात व दुर्गंधि घरांतच कोंडते. पिलें तिच्यामागें हिंडूं लागलीं म्हणजे ती आपण होऊन जागा सोडते. डांबराच्या गोळ्या बिळांत टाकण्याचा उपाय करूं नये. त्यांची वाफ घरच्या माणसांसही अपायकारक असते. रात्रीं कुत्र्याच्या अन्नाचें भांडें बाहेर ठेवूं नये, कचऱ्याच्या डब्यास घट्ट झांकण असावें, झाडाखालचीं फळें उचलावीं व खुराड्याचें दार दिवेलागणीस लावावें.

मारावा कीं राखावा

आमच्या आप्तांचे एक शेजारी जुने शेतकरी. त्यांनीं बंदुकीचा व दुसऱ्या एकानें विषाचा सल्ला दिला. त्यावर घरांत बराच वाद झाला, कारण एका बाजूस लहान मुलें व कुत्रा होता. अखेर दोन्ही सल्ले बाजूस ठेवण्यांत आले व तें योग्यच झालें. एक तर अन्न व बीळ कायम असेपर्यंत एक स्कंक मारला तर त्याची जागा दुसरा घेतो. दुसरें, विष घालणारा आपलाच कुत्रा गमावण्याचा संभव असतो; शिवाय विष खाल्लेला प्राणी घुबडानें नेला तर तेंही मरतें, आणि तेथील मोठें शिंगाळें घुबड हें स्कंकची शिकार नेमानें करणाऱ्या थोड्या प्राण्यांपैकीं एक आहे. तिसरें, पकडून दूर नेऊन सोडणें हें रोग पसरण्याच्या भीतीनें पुष्कळ संस्थानांत बेकायदेशीर आहे. कायदा संस्थानपरत्वें निराळा असल्यामुळें तो आधीं पाहावा लागतो. आणि चौथें, शेतकऱ्यास सर्वांत महत्त्वाचें, स्कंक जमीन उकरून ज्या पांढऱ्या अळ्या खातो त्या आपल्या हुमणीच्याच भाऊबंद आहेत. ऊंस व भुईमूग यांवर हुमणी काय अनर्थ करिते हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास अशा प्राण्याचें मोल सांगावयास नको. पेटीपाशीं तो चोर, शेतांत तो राखणदार. तेव्हां पेटी उंच करावी व शेत त्याच्याकडे राहूं द्यावें.

आपणांस बोध

अमेरिकेंत रेबीज रानांतून दारांत येतो. आपल्याकडे तो मुख्यत्वें कुत्र्यांकडूनच माणसांस होतो. तेथें कुत्र्यास लस टोचणें हा जर शहाणपणा, तर येथें ती न टोचणें हा शुद्ध अविचार होय. वाडीवरील राखणीचा कुत्रा दरसाल टोचून घेण्यास लागणारा खर्च व वेळ फार नाहीं; तो चुकविल्यास किंमत घरांतील मुलास द्यावी लागते. तीच गोष्ट पेट्यांची. आपल्या सातेरी माशांची पेटी घोडीवर ठेवून घोडीचे पाय मुंग्यांसाठीं पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची शिस्त आहे. ती नेमानें पाळावी व पेटीपुढील जागा रोज सकाळीं एकवार पाहावी. माशा विनाकारण तामसी झाल्या तर पेटी वारंवार उघडण्यापूर्वीं दारापुढील माती वाचावी. रात्रीं कोण येऊन गेलें तें तींत लिहिलेलें असतें.