बॉल मागे, पाय पुढे

शाळेत कबड्डी खेळला असाल, तर रग्बीतलं अर्धं काम तुम्हाला आधीच येतं. उरलेल्या अर्ध्यात काही सवयी मोडायच्या आहेत आणि एक गोष्ट नीट शिकायची आहे: पडायचं कसं.

फलटणमध्ये मुलींचा खेळ म्हटलं की आधी हॉकी आठवते. आसूची वैष्णवी फाळके, वाखरीची अक्षता ढेकळे इथूनच भारताच्या टीमपर्यंत पोहोचल्या. त्यामुळे ‘मुलींना जमेल का’ असं आपल्याकडे तरी कुणी विचारू नये. पण रग्बीचं नाव काढलं की आई वेगळंच विचारते, ‘हातपाय मोडून घेतलेस तर?’ तिचं चुकत नाही. फक्त त्याचं उत्तर तुम्ही खेळ कुठल्या क्रमाने शिकता यावर आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. यूट्यूबवर ‘विमेन्स रग्बी लीग’ शोधलंत तर बहुतेक ऑस्ट्रेलियातल्या मॅचेस दिसतील. तिथे एका बाजूला 13 जणी असतात आणि सहा टॅकल झाले की बॉल समोरच्या टीमकडे जातो. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांत खेळतात ते ‘सेव्हन्स’. हा रग्बी युनियनचा छोटा प्रकार. सात जणी, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. एकूण 14 मिनिटं किरकोळ वाटतात ना? मैदान मात्र पूर्ण साईजचं, साधारण 100 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद. चौथ्या मिनिटाला फुफ्फुसं हिशोब मागतात.

बॉल हाताने पुढे फेकायचा नाही, एवढा नियम डोक्यात बसला की खेळ कळायला लागतो. पास बाजूला किंवा मागेच. पुढे न्यायचा तर धावत किंवा किक मारून. समोरच्या गोल-लाईनपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, पाच गुण. त्यानंतरची किक पोस्टमधून आडव्या दांडीवरून गेली तर आणखी दोन.

आता कबड्डीवाल्यांसाठी. खाली वाकून मांडी धरणं, खांदा लावणं, पकडीची वेळ साधणं हे सगळं इथे सोन्यासारखं आहे. पण रेडरला नुसता धक्का मारून बाहेर काढायची सवय इथे पेनल्टी देते. हात गुंडाळून धरायचा प्रयत्न दिसलाच पाहिजे. पकड खांद्यांच्या खालीच, आणि जिच्याकडे बॉल आहे तिचीच. ती खाली पडली की तुम्ही सोडायचं, तिनेही बॉल सोडायचा. हे सोडणंच जास्त अवघड जातं. कबड्डीत सोडलं की गुण गेला, हे अंगात भिनलेलं असतं.

म्हणून पहिल्या दिवशी टॅकल करूच नका. आधी ‘टच रग्बी’ खेळा, म्हणजे पकडण्याऐवजी फक्त हात लावायचा. मग गुडघ्यावर बसून, मग चालत, शेवटी धावत टॅकल. टॅकल करताना डोकं समोरचीच्या शरीराच्या मागच्या बाजूला, गाल तिच्या मांडीला चिकटलेला. डोकं तिच्या पुढे गेलं तर गुडघा थेट लागतो. पडताना बॉल छातीशी धरा. हात जमिनीवर टेकवून स्वतःला सावरू नका, मनगट जातं. आणि डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी खेळ बंद. ‘मी ठीक आहे’ चालणार नाही. हे सगळं माहितीच्या कोचसमोरच करा, व्हिडिओ बघून नाही.

मोठ्या टीमलाही हे सोपं गेलेलं नाही. भारताच्या मुली 15 जणींच्या रग्बीत पहिली आंतरराष्ट्रीय मॅच खेळल्या त्या 2018मध्ये, सिंगापूरविरुद्ध, आणि 30-5 अशा हरल्या. कॅप्टन होती पुण्याची वाहबिझ भरूचा, पेशाने फिजिओथेरपिस्ट. पुढच्याच वर्षी मनिलामध्ये याच सिंगापूरला त्यांनी 21-19 हरवलं. शेवटच्या मिनिटांतल्या ओडिशाच्या सुमित्रा नायकच्या पेनल्टी किकने तो पहिला विजय मिळाला. 2023च्या हांगझोऊ आशियाई खेळांतल्या सेव्हन्स टीममध्ये आपल्या महाराष्ट्राच्या वैष्णवी पाटील आणि कल्याणी पाटील होत्या.

सुरुवात कुठून करायची? कॉलेजच्या जिमखान्यात जा. फिजिकल डायरेक्टर सरांना किंवा मॅडमना विचारा की शिवाजी विद्यापीठाच्या रग्बी निवड चाचणीला आपल्या कॉलेजमधून कुणी जातं का. नसेल तर आठ-दहा जणी गोळा करून पुन्हा जा. एकटीला ‘बघू’ म्हणतात, दहा जणींना तसं म्हणणं जरा जड जातं. सातारच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातही विचारता येईल.

शॉर्ट्सवरून घरी वाद होणार असेल तर सांगा, आत लेगिंग घालायला नियमात परवानगी आहे. माउथगार्ड मात्र हवाच. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा साधा मिळतो, तो चालेल. सीमारेषेसाठी चपला पुरतात. जमीन पावसाने मऊ झालेली असताना सुरू केलंत तर उत्तम. आणि पहिल्या दिवशी नखं कापून, कानातले घरी काढून ठेवून या.